केमो झालेल्या आईला फ्लूची लस द्यायची का?

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली ती रात्र आम्ही दोघे अजून विसरलेलो नाही. आईची चौथी केमो होऊन दहा दिवस झाले होते. संध्याकाळपासून ती गप्प होती, गोधडी ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. रात्री अकराच्या सुमारास हात लावून बघितला तर अंग तापलेले. शेजारून थर्मामीटर आणला. पारा १०१ वर. मग आम्ही काय केले? घरात होती ती तापाची गोळी दिली, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली आणि एकमेकांना म्हणालो, "सकाळी बघू." पहाटे घाम येऊन ताप उतरला, तेव्हा बरेही वाटले. पण सात वाजता ती मोरीपर्यंतसुद्धा चालू शकली नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला रिक्षात बसवले.

दवाखान्यात रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी अगदी खाली गेलेल्या. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगात शिरलेल्या रोगाशी लढणारी फौज. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत ही फौज सगळ्यात कमी झालेली असते. डॉक्टरांनी विचारले, "ताप रात्रीच आला होता ना? मग रात्रीच का आणलं नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. घशातला नमुना तपासायला पाठवला, त्यात फ्लू निघाला. तीन दिवस आधी आमचा मुलगा शाळेतून नाक गळत आला होता आणि नेहमीसारखा आजीच्या कुशीत झोपला होता.

आठ दिवस आई भरती होती. पाचवी केमो दोन आठवडे पुढे गेली. आमच्यातला एक भाड्याची रिक्षा चालवतो, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. त्या आठ दिवसांत रिक्षा बंद आणि अंगणवाडीचे खाडे. पण खरी भीती पैशांची नव्हती. त्या पहिल्या दोन रात्री आई हातची जाते की काय, असे वाटले होते.

आईची केमो नोव्हेंबरात संपली. जानेवारीत लाइट घेणेही संपले. आता रोज एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, एवढेच चालू आहे. यंदा मे महिन्यात पाऊस तोंडावर आला, तेव्हा घरात प्रश्न निघाला: आईला फ्लूची लस द्यायची का? आमच्या वस्तीत कॅन्सरचे उपचार झालेली आणखीही माणसे आहेत. त्यांच्या घरच्यांनीही आम्हाला हेच विचारले, म्हणून या पानावर लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आईच्या डॉक्टरांनी आणि पालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी जे समजावून सांगितले, ते आमच्या भाषेत मांडत आहोत.

साधी सर्दी वेगळी, फ्लू वेगळा

आपण नाक गळले, अंग दुखले की सरसकट "फ्लू झाला" म्हणतो. खरा फ्लू इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूने होतो. एकदम ताप चढतो, हाडे ठणकतात, कोरडा खोकला येतो, उभे राहवत नाही. धडधाकट माणूस आठवड्याभरात बरा होतो. म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले, दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण आणि कॅन्सरवरचे उपचार चालू असलेली माणसे यांच्यात मात्र तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो.

२००९ साली पुण्यात स्वाईन फ्लूने केवढी भीती घातली होती, ते अनेकांना आठवत असेल. शाळा बंद झाल्या होत्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. तो विषाणू गेला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झाला आहे आणि फ्लूच्या लसीत त्याच्यावरचा भाग असतोच.

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो. एकदा पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात. पावसात दारे-खिडक्या लावून घेतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा जण एकमेकांच्या श्वासावर असतो. विषाणूला आणखी काय हवे? शिवाय फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरवू लागतो. म्हणजे आमच्या मुलाचे नाक गळण्याआधीच आजीला धोका झालेला असणार.

"मला विचारलं का कुणी?"

आम्ही दोघांनी ठरवून टाकले होते की लस द्यायची. पण आईला सांगितले, तेव्हा ती उसळली. "सुयांनी अंगाची चाळण झाली माझ्या. आता कुठं हाताच्या शिरा दिसायला लागल्यात. आणखी एक सुई कशाला? आणि अंग माझं आहे, मला विचारलं का कुणी?"

ती बरोबर बोलत होती. वर्षभर तिच्या अंगाविषयी सगळे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले होते. ऑपरेशन कधी, केमो कुठली, खायचे काय, भेटायचे कुणाला. आम्ही गप्प बसलो. दोन दिवसांनी तिनेच विषय काढला. शेजारच्या काकूंनी तिला सांगितले होते की लस घेतली की तापच येतो, आणि कॅन्सर झालेल्याने लस घेतली तर रोग उलटतो. ती घाबरली होती, पण तसे बोलून दाखवत नव्हती.

ऐकीव गोष्ट खरी मानू नये, विचारून पडताळून घ्यावी, हे आपल्याला शिकवलेले आहे. मग आम्ही म्हणालो, "आई, तूच डॉक्टरांना विचार. काकू काय म्हणाल्या, तेही सांग. मग तू म्हणशील तसं." तिने मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याच्याकडून पाच प्रश्न लिहून घेतले आणि तपासणीच्या दिवशी ते पान फाईलला टाचणीने लावून नेले.

डॉक्टरांनी फाईल उघडून काय सांगितले

आईने पहिला प्रश्न विचारला: "लस घेतली तर फ्लू होतो का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, दंडात देतात त्या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो. मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. त्यानं फ्लू होऊच शकत नाही. हात दुखेल, एक-दोन दिवस अंग कसकसेल, थोडा ताप येईल. तुमचं शरीर कामाला लागलं, असं समजायचं."

फ्लूची एक लस नाकात फवारण्याचीही असते. तिच्यात विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. ज्यांची प्रतिकारशक्ती उपचारांनी कमी झाली आहे, त्यांनी ती घ्यायची नाही. म्हणून लस घेताना "इंजेक्शनची, मेलेल्या विषाणूची" असे स्पष्ट विचारायचे.

दुसरा प्रश्न काकूंचा होता: "रोग उलटतो का?" लसीमुळे कॅन्सर परत येतो, असा काही पुरावा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. फ्लूच्या लसीचा आईच्या रोजच्या गोळीशीही काही झगडा नाही.

तिसरा प्रश्न आमचा होता: "लस घेतली की फ्लू होणारच नाही ना?" याचे उत्तर ऐकून आम्ही जरा हिरमुसलो. लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळली, तर धडधाकट माणसांत फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची पाळी साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. उपचारांनी थकलेल्या शरीरात याहूनही कमी फायदा मिळू शकतो. मग घ्यायची कशाला? डॉक्टर म्हणाले, "पावसात छत्री घेतली तरी पाय भिजतात. म्हणून छत्री टाकून देतो का? लस घेऊनही फ्लू झाला, तरी तो न्यूमोनियापर्यंत जाण्याचा आणि भरती व्हायची वेळ येण्याचा धोका कमी होतो. तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं आहे."

मग त्यांनी आईचा नवा रक्ताचा रिपोर्ट बघितला. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, केमो संपून सहा महिने झाले होते. "तुम्ही घ्या," ते म्हणाले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घेते. पण घरातल्या सगळ्यांनी घ्यायची. मला एकटीला नको."

प्रत्येकाचे उत्तर एक नसते

आईला "घ्या" म्हटले म्हणून सगळ्यांना तेच लागू होईल असे नाही. उपचार कुठल्या टप्प्यावर आहेत, यावर बरेच अवलंबून असते. आम्हाला समजले ते असे:

केमो सुरू व्हायची आहे: जमल्यास दोन आठवडे आधी लस घ्यावी, कारण लसीचा परिणाम यायला साधारण तेवढे दिवस लागतात. पण लसीसाठी केमो पुढे ढकलू नये.

केमो चालू आहे: दोन केमोंच्या मधल्या काळात लस देता येते. कुठल्या दिवशी, ते डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवतात. फायदा कमी मिळतो, पण फ्लूचा मोसम असेल तर बरेच डॉक्टर थांबायला सांगत नाहीत.

फक्त लाइट घेणे किंवा हार्मोनची गोळी चालू आहे: त्यामुळे लस अडत नाही.

रक्ताचा कॅन्सर आहे आणि जोरदार केमो चालू आहे, किंवा रिटुक्सिमॅबसारखी औषधे घेतली आहेत: अशा वेळी शरीर लसीला फारशी दाद देत नाही. रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने थांबायला सांगतात. मूळ पेशींचे प्रत्यारोपण झाले असेल, तरी साधारण सहा महिन्यांनंतरच लस देतात. अशा रुग्णाच्या घरच्यांनी लस घेणे तर फारच गरजेचे, कारण रुग्णाभोवतीची भिंत तेच असतात.

उपचार संपून वर्षे झाली आहेत: पांढऱ्या पेशी भरून आल्या असतात, लस चांगली लागते. वय झाले असेल, साखर किंवा दमा असेल, तर त्या कारणासाठीही लस घ्यावी.

पूर्वी फ्लूच्या लसीने अंगावर जोराची ॲलर्जी उठली असेल, श्वास अडकला असेल, किंवा लसीनंतर काही आठवड्यांत हातापायांची शक्ती गेली असेल, तर ते आधी सांगायचे. लसीच्या दिवशी चांगला ताप असेल, तर लस पुढे ढकलायची.

वस्तीत ऐकलेल्या आणखी काही गोष्टी

"कोविडची लस घेतली आहे, मग ही कशाला?" कोविडचा विषाणू वेगळा, फ्लूचा वेगळा. एकीचे काम दुसरी करत नाही.

"मागच्या वर्षी घेतली होती." फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो आणि लसीचा जोरही काही महिन्यांनी ओसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घालायचे ते सुचवते. आपल्याला दरवर्षी नवी लस घ्यावी लागते. खोक्यावर कोणत्या मोसमाची लस आहे आणि मुदत कधी संपते, ते लिहिलेले असते. वाचून घ्यायचे, वाचता येत नसेल तर विचारायचे.

"चार प्रकारांची चांगली, तीनची हलकी." पूर्वी लसीत चार प्रकार असत. त्यांतला बी-यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात सापडलेलाच नाही. म्हणून आता तीन प्रकारांची लस सुचवली जाते. तीनची मिळाली म्हणून फसवले गेलो, असे समजू नये.

"काढा प्या, गुळवेल घ्या, प्रतिकारशक्ती वाढते." आम्हीही केमोच्या काळात आईला काढा दिला होता. डॉक्टरांनी ऐकल्यावर कपाळाला हात लावला. केमोने आधीच यकृतावर ताण असतो. जडीबुटीची औषधे न विचारता दिली, तर तो ताण वाढू शकतो. काहीही द्यायचे झाले, तर आधी विचारायचे. आणि काढा लसीची जागा घेत नाही.

पैशांचे गणित

आईचे ऑपरेशन आणि केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. लसीचा खर्च मात्र आम्हालाच करायचा होता. फ्लूची लस सरकारच्या सर्वांसाठीच्या लसीकरण कार्यक्रमात नाही. जवळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली, तर एका डोसचे १,८०० रुपये सांगितले. मुलांच्या डॉक्टरांकडे ही लस बहुधा असते, मोठ्यांनाही ते देतात. दर सगळीकडे सारखा नसतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारलेले बरे.

चार माणसांचे घर. त्यात मुलगा सात वर्षांचा. नऊ वर्षांखालचे मूल पहिल्यांदाच लस घेत असेल, तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे पाच डोस, ९,००० रुपये. एवढे पैसे एकदम कुठून काढायचे?

आम्ही क्रम लावला. आधी आई. मग मुलगा, कारण शाळेतून आजार तोच आणतो आणि आजीच्या अंगाखांद्यावर तोच असतो. मग आमच्यातली अंगणवाडीत जाणारी, कारण दिवसभर शेंबडी पोरे तिच्या कडेवर असतात आणि आईचे सगळे तीच करते. बचत गटातून ५,००० रुपये उचलले, बाकीचे घरातून घातले. रिक्षावाला राहिला.

पण तो रक्तदाबाची गोळी घेतो. पालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या की, गरोदर बाया, मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण अशांना सरकारी साठ्यातून मोफत लस देतात, पण साठा नेहमी नसतो. दोन हेलपाटे वाया गेले. तिसऱ्यांदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याला लस मिळाली. म्हणून सांगतो, खासगीत पैसे भरायच्या आधी सरकारी दवाखान्यात विचारा. आशाताईंना साठा कधी येणार, ते माहीत असते. आपल्या घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, हे सांगायला लाजू नका. सांगितले तरच रस्ता निघतो.

मेडिकलमधून लस विकत घेऊन पिशवीत घालून घरी आणू नका. ती २ ते ८ अंश थंडाव्यात राहावी लागते, उन्हात तापली की निकामी होते. जिथे टोचून घ्यायची, तिथलीच घ्यावी.

लस घेतली त्या दिवशी

आईचे ऑपरेशन डाव्या बाजूचे आहे आणि काखेतल्या गाठीही काढल्या आहेत. अशा बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती असते, म्हणून त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही. लस द्यायला सिस्टर डाव्या बाजूनेच आल्या. आम्ही तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "बाई, या हाताला नाही. हा हात ऑपरेशनचा." सिस्टर हसून दुसऱ्या बाजूला गेल्या. ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या गाठी काढलेल्या असतील, त्यांना मांडीत लस देता येते.

ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनीही आधी सांगायचे. टोचल्यावर ती जागा दोन मिनिटे न चोळता दाबून धरायची. लस झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसायचे, लगेच घरी पळायचे नाही.

त्या रात्री आईला ९९.६ ताप आला आणि आमच्या पोटात गोळा आला. गेल्या ऑगस्टची रात्र आठवली. पण या वेळी आम्हाला आकडा ठाऊक होता: १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर लगेच फोन करायचा. तासातासाने मोजत बसलो. सकाळी ताप नव्हता. दोन दिवस दंड दुखला, तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापायला बसली.

लस घेतली म्हणजे काम संपले नाही

ज्याची केमो चालू आहे, त्याच्या घरच्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर दिवस असो की रात्र, लगेच उपचाराच्या दवाखान्यात जायचे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, आतला रोग तसाच वाढत राहतो. आम्ही हे चुकलो, तुम्ही चुकू नका. लस घेतलेली असली तरी हा नियम बदलत नाही. घरात थर्मामीटर, फाईलवर दवाखान्याचा नंबर आणि रिक्षेपुरते पैसे वेगळे ठेवलेले असावेत.

फ्लूवर ऑसेल्टामिवीर नावाचे औषध आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले, तर त्याचा जास्त उपयोग होतो. म्हणून उपचार झालेल्या माणसाला ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली की "दोन दिवस बघू" म्हणू नये. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे.

एका खोलीच्या घरात आजारी माणसाला वेगळे कसे ठेवायचे, हा आपला सगळ्यांचा प्रश्न आहे. यंदा ऑगस्टमध्ये मुलाला ताप आला, दोन डोस घेऊनही आला. आम्ही त्या दिवशी आईची गादी शेजारच्या काकूंच्या घरात टाकली. होय, त्याच काकू. मुलाच्या तोंडाला मास्क, खिडकी उघडी, त्याचे ताट-पेला वेगळा, आणि आम्ही आईकडे जाताना साबणाने हात धुऊन, मास्क लावून. तरी तिसऱ्या दिवशी आईचा घसा खवखवू लागला, अंग कोमट झाले. ९९. सकाळ-दुपार न बघता तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध सुरू केले, घरी पाठवले. चार दिवसांत ती बरी झाली.

हे लसीमुळेच झाले, असे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. केमो संपून तोवर नऊ महिने झाले होते, तिच्या अंगात ताकद आली होती, औषधही वेळेवर मिळाले. पण गेल्या वर्षी आठ दिवस पलंगावर आणि यंदा चार दिवस काकूंच्या घरी, एवढा फरक आम्ही डोळ्यांनी बघितला आहे.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या

१. माझे किंवा आमच्या रुग्णाचे उपचार या टप्प्यावर असताना फ्लूची लस घ्यावी का? आता की थांबून?
२. आधी रक्त तपासायला हवे का?
३. कोणत्या हातात घ्यायची?
४. घरातल्या कोणी-कोणी घ्यावी?
५. लसीनंतर किती ताप आला तर फोन करायचा, आणि कुठल्या नंबरावर?
६. न्यूमोनियाचीही लस घ्यावी का?

पावसाळा सरत आला म्हणून "आता पुढच्या वर्षी" असे म्हणू नका. जानेवारी ते मार्चचा फ्लू अजून यायचा आहे. पुढच्या तपासणीला जाल, तेव्हाच विचारा. मग पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, नवी लस.

गेल्या वर्षी वर्षावासात आई एक दिवसही विहारात जाऊ शकली नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन ती घरात बसून, लाउडस्पीकरवर येईल तेवढे ऐकायची. यंदा ती जाते. दाराजवळ, वारा येतो तिथे बसते, तोंडाला मास्क असतो. कोणाला खोकला असेल तर महिला मंडळाच्या बायाच त्याला मागे बसायला सांगतात. परवा वाचनाची पाळी आईची होती. मास्क खाली करून तिने दोन पाने वाचली आणि पुन्हा मास्क लावला.

पुढच्या मे महिन्यातल्या लसीसाठी तिने आतापासून गटाच्या हप्त्याबरोबर महिन्याला २०० रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. आम्ही तिला सांगितले नव्हते.